तुतीची भट्टी

गावाबाहेरच्या शेडमध्ये भट्टीमामांचं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर माणसाच्या छातीएवढी लोखंडी पिंपं, ओल्या मातीचा ढीग, पाण्याची टाकी आणि धुरानं काळं पडलेलं छप्पर. मामांनी अर्धं आयुष्य कोळसा पाडून जाळायला विकला होता. आता तोच कोळसा पुरण्यासाठी पाडायचा, याची त्यांना सुरुवातीला भारी गंमत वाटे. "म्हणजे स्वयंपाक करायचा आणि ताट गाडून टाकायचं!"

शेड चालवणाऱ्या मॅडमनी समजावलं होतं. झाड हवेतला कार्बन ओढून घेतं आणि त्याचंच लाकूड करतं. लाकूड जळलं किंवा कुजलं, की तो परत हवेत जातो आणि तापलेल्या जगाला आणखी तापवतो. पण बंद पिंपात त्याचा कोळसा केला आणि मातीत मिसळला, तर त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथंच राहतो. मामांनी मान डोलावली. त्यांना खरं कळलं ते वादळात घरामागची तुती पडली तेव्हा.

ती तुती लेकीची. शाळेत काहीतरी ऐकून आली आणि रोज पानांना तोंड लावून फुंकर घालू लागली.

"हे काय गं नवीन?" मामी विचारायच्या.

"जेवायला घालतेय. आपला श्वास झाड खातं."

"आणि तू कधी जेवणार, बाई?"

फ्रॉकवर जांभळे डाग, ओठही जांभळे. मग एका तापात ती गेली. तुती वाढत राहिली. झोक्याच्या दोरीनं फांदीला पडलेली खाचही राहिली.

झाड पडल्याचं कळताच सरपणवाला दारात हजर झाला. एरवी कुणाला वर तोंड करून न बोलणाऱ्या मामांनी त्याला पिटाळून लावलं. "तिचा श्वास आहे त्यात. जाळायचा नाही, कुजवायचाही नाही." मॅडमनी एक अख्खं पिंप त्यांच्यासाठी मोकळं करून दिलं. मामी एवढंच म्हणाल्या, "खाचेचा तुकडा मला आणा. बाकीचं पुरू आपण." कोळसा झाला तरी लाकडाचा आकार मोडत नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ठाऊक झालं होतं.

मामांनी लाकडं हातानं रचली. खाचेचा तुकडा सगळ्यात वर ठेवला, पटकन हाती लागावा म्हणून. मग पेटवलं, आणि धूर विरळ झाल्यावर झाकण घातलं, कडा मातीनं लिंपल्या. आता फक्त थांबायचं. नव्या माणसांना त्यांचा एकच नियम असे: "पिंपाला तळहात टेकवा. 'आई गं' म्हणालात तर उघडायचं नाही. आत निखारा जागा असतो, हवा लागली की सगळं खातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी डबा घेऊन आल्या. याआधी शेडवर त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

"झालं का हो?"

"उद्या."

मामी उलट्या बादलीवर बसल्या आणि पिंपाकडे बघत राहिल्या. शाळा सुटायची वाट बघत फाटकाशी बसावं, तशा. मामांना ते बघवेना. त्यांनी तळहात टेकवला. चटका बसला. थोडाच आहे, ते मनाशी म्हणाले, आणि माती खरवडून त्यांनी झाकण उचललं.

क्षणभर तो तुकडा दिसला. काळाभोर, अखंड, खाचेसकट. मामी उठून पुढं झाल्या. तेवढ्यात त्याच्या कडेनं लाल रेघ धावली, मग तो सगळाच पेटला. मामांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. धूर बसला तेव्हा तळाचा कोळसा वाचला होता. वर नुसता राखेचा चिखल.

"गेली?" मामींनी विचारलं.

"हवेत गेली. मी घालवली. जगाला शिकवतो, आणि..."

मामी छपराकडे, धूर गेला त्या फटीकडे बघत राहिल्या. "एका जागी कधी बसली होती ती," त्या म्हणाल्या.

मामांनी पिंपावर पुन्हा तळहात टेकवला. पत्रा अजून पोळत होता. त्यांनी हात काढला नाही, 'आई गं'ही म्हटलं नाही. शेवटी मामींनीच त्यांचं मनगट धरून तो सोडवला, पदराच्या ओल्या टोकात गुंडाळला. "पुरे हो," त्या म्हणाल्या. "चला. उरलीय तेवढी घरी नेऊ."