जावेला पेसमेकर, बहिणीला सलाईन

माझी जाऊ पुण्यात लेकाकडं राहते, वय ब्याऐंशी. दोनदा चक्कर येऊन पडली, तर आठवड्यात तिच्या छातीत पेसमेकर बसला. माझी थोरली बहीण माढ्याजवळच्या खेड्यात असते, वयानं जावेपेक्षा लहानच. ती वर्षात पाच वेळा पडली आणि दर वेळी सलाईन लावून घरी आली. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला काहीही होवो, अशक्तपणा म्हणायचं, बाटली चढवायची, की झालं सगळ्यांचं समाधान!

शेवटी मीच तिला सोलापूरला आणली. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "ठोके फार कमी पडतात. पेसमेकर बसवायलाच पाहिजे."

तिचा मुलगा म्हणाला, "मावशी, ह्या वयात कशाला चिरफाड?"

"का रे? पुण्यातल्या म्हातारीचं वय वेगळं असतंय व्हय?"

तेवढ्यात खाटेवरून बहीणच म्हणाली, "राहू दे गं. एक सलाईन लावा, मला लई बरं वाटतंय त्यानं."

मी कपाळावर हात मारला. भाच्याशी भांडले, आता हिच्याशीही भांडू? संमतीचा कागद तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, "आधी ह्याच्यावर अंगठा कर, मग पाहिजे तेवढ्या बाटल्या लावते."

तिनं अंगठा केला, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही.