आतली कडी

आमच्या गावात दाराला आतून कडी लावत नाहीत. जुनं गाव भूकंपात पडलं तेव्हा कड्या अडकून बसल्या आणि माणसं आतच राहिली. मग माळावर हे नवं गाव वसलं, सरळ रेघेत, सगळी घरं एकाच साच्यातली. तेव्हापासून दार नुसतं लोटायचं. चोराची भीती वाटली तर आतून दगड टेकवायचा. घरं बांधणाऱ्यांनी कड्या बसवल्या होत्या, त्या गंजून गेल्या.

रीत चांगलीच आहे. पण लोटलेलं दार म्हणजे उघडं दार, आणि त्यातून अख्खी आळी आत येते. माझ्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे, हा माझा गुन्हा. कुणाच्याही घरी फोडणी पडली की माझं दार वाजतं. शेजारची तर दारही वाजवत नाही. बाई माझ्या मुलाच्या वयाची. थेट चुलीपाशी येते, भांड्यावरचं झाकण उचलते आणि विचारते, "मामी, जेवलाव का?" झाकण उचलून बघितल्यावर विचारायचं काय राहतं?

मी घरात एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. दुपारी जेवून फरशीवर घोंगडी टाकते आणि पडते, एवढंच माझं सुख. यंदा चैत्रात ऊन असं की जुन्या गावातल्या मातीच्या घराची आठवण यावी. अशा एका दुपारी डोळा लागला की कुणीतरी आत. एक विरजण मागायला आली, दुसरी लग्नाची पत्रिका दाखवायला, जी मी आधीच बघितली होती. माझं डोकं फिरलं. उठले आणि कडी लावली. गंजलेली, हलेना. वरवंट्यानं ठोकून बसवली आणि झोपले.

थोड्या वेळानं शेजारणीनं दार ढकललं.

"मामी?"

मी गप्प पडून राहिले. हाका मारून जाईल म्हटलं. शहाणी बाई गेली असती. हिनं तिथंच गळा काढला, "मामीनं कडी लावलीया, बोलंना गेल्यात!" गावात कडी लागली म्हणजे आत काहीतरी वंगाळ झालं, एवढंच त्यांना ठाऊक. आळी जमा झाली. आता उठावंच लागलं. कडी काढायला गेले, तर निघेना. परत वरवंटा घेतला आणि खालून ठोकायला लागले. बाहेरच्यांना वाटलं, म्हातारी आत पडली आणि मदतीसाठी फरशी बडवतेय. मी ओरडत होते, पण त्या कालव्यात माझं कोण ऐकतंय? समोरच्या गवंड्यानं पहार आणली आणि दार चौकटीसकट आत घेतलं. मी बाजूला झाले म्हणून वाचले.

"काय झालं मावशी?" तो म्हणाला.

"झोपले होते."

"मग कडी कशाला लावलाव?"

"झोपायला."

कुणाचंच समाधान झालं नाही. मी धडधाकट उभी आहे याचा लोकांना थोडा रागच आला. तोवर कुणीतरी पुण्याला फोन करून मोकळं झालं होतं, की आई दार उघडत नाही. मुलगा गाडी काढून निघाला होता. मी बरी आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाला, आता येतोच.

दिवेलागणीला पोचला. दाराच्या जागी पोतं टांगलेलं बघितलं आणि चपलाही न काढता म्हणाला, "आई, बॅग भर. आता मी ऐकणार नाही."

तो हे किती दिवस म्हणतोय. आता त्याच्या हातात कारण आलं होतं, आणि तेही माझ्याच हातानं दिलेलं. या खेपेला जावं लागतंय असं मला वाटलं.

"मी कुठं जायची नाही."

"इथं लोक भर दुपारी घर फोडतात. तिथं निदान कुणी दार फोडत नाही."

"व्हय," मी म्हणाले, "न्हायच फोडत."

तो चपला काढायला वाकला. गेल्या वेळी त्याच्याकडं राहिले होते, तेव्हा जिन्यात पापड वाळत घालायला बाहेर आले आणि दार आपोआप बंद झालं. तो कामावरून येईपर्यंत मी पायरीवर बसून होते. लिफ्टमधून माणसं उतरायची, पापड चुकवून पाय टाकायची आणि आपापल्या दारात शिरायची. मला त्यानंच उठवून घरात नेलं होतं.

तेवढ्यात शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. दार नव्हतंच, ती सरळ आत. मुलाला म्हणाली, "न्या बाबा यांना. आमचा जीव जायची येळ आणली." आणि त्याला दोन भाकरी वाढून, तो खाईपर्यंत समोर बसून राहिली.

हात धुऊन त्यानं बॅगेचं काही काढलं नाही. म्हणाला, दार नवं करतो, पण आतून कडी बसवायची नाही, आणि रोज दुपारी या ताईंनी तुला बघून मला कळवायचं. हे मला पटलं असं नाही. पण बॅग भरण्यापेक्षा बरं.

आता घरात नवं दार आहे, कडी नाही. रोज दुपारी माझा डोळा लागला की ती येते आणि माझ्या नाकापाशी बोट धरते. बोटाला कांद्याचा वास असतो. मला जाग येतेच. परवा मी डोळे न उघडता म्हणाले, "आहे अजून."

"मग झोपा की," ती म्हणाली, आणि जाताना कढीपत्ता तोडून घेऊन गेली.