गोबरगॅस आणि तो सोनवणे

सरकारी नोकरीतले किस्से उकिरड्यासारखे साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही. रोज एक पाटी पडते आणि तीस वर्षांनी बघावं तर दाराशी हा ढीग! परवा तो ढीग माझ्या नातीनं उकरला. ती कॉलेजात पर्यावरण शिकते. तिच्या पुस्तकात एक गोल चित्र होतं, जग तापवणारे वायू कुठून कुठून येतात त्याचं. वीज, कारखाने, मोटारी, सिमेंट अशा फाका पाडलेल्या. त्यातली एक फाक गुरांची, शेणाची आणि भातखाचरांची.

"शेणाचीसुद्धा?" मी विचारलं.

"हो आजोबा. शेण कुजलं की मिथेन निघतो. तसाच हवेत गेला तर फार वाईट. पेटवून वापरला तर त्यातल्या त्यात बरं."

"अगं, तो पेटवायचीच तर मी नोकरी केली!" मी म्हणालो. मग जरा थांबून खरं ते सांगितलं, "म्हणजे पेटवला सोनवणेनं. मी त्याच्याकडं बघत बसलो."

आता सोनवणे म्हणजे कोण ते सांगायला हवं. सत्तरनंतरची दोन-चार वर्षं. आम्ही दोघं एकाच दिवशी ग्रामसेवक म्हणून चिकटलो. मी भोर शहरातला, वडील कोर्टात कारकून. शेण मी पाहिलं होतं ते वाट चुकवण्यापुरतं. सोनवणे किकवीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची हद्द किकवीच्या बाजूची, माझी नसरापूरपासून वेल्ह्याच्या रस्त्यावरची. गावातले लोक दोघांनाही भाऊसाहेबच म्हणायचे, पण त्याला म्हणताना हसायचे आणि मला म्हणताना उठून उभे राहायचे. मला आधी वाटायचं, हा माझा मान आहे.

शिमग्याच्या सुमाराला आमच्या साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत प्रत्येकाच्या हद्दीत एक तरी गोबरगॅस पेटलेला दिसला पाहिजे. ज्याचा पेटणार नाही, त्यानं वेल्ह्याच्या पार पलीकडच्या टोकाला बिऱ्हाड हलवायचं!"

ते टोक म्हणजे पावसाळ्यात एसटी बंद. माझं नुकतंच लग्न झालेलं, बायको पुण्याची. तिला मी भोर म्हणजे जवळजवळ पुणेच, असं सांगून आणलेलं.

*

मी लगेच सभा घेतली. पुस्तिका पाठ करून गेलो होतो. "शेणामध्ये सुप्त ऊर्जा असते" इथून सुरुवात केली आणि तासभर बोललो. लोक शांत बसून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलं!

शेवटी पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. "भाऊसायेब, समदं पटलं बगा. फकस्त येक सांगा. तुमच्या घरी हाय का ह्यो गॅस?"

"माझ्याकडं गुरं नाहीत, आजोबा."

"मंग आदी गुरं घ्या की! आमी तुमच्याकडं बगायला यिऊ."

सभा तिथंच संपली.

सोनवणेनं सभा घेतलीच नाही. तो एका घरी गेला, थेट चुलीपाशी जाऊन बसला आणि घरधन्याला म्हणाला, "दादा, भाकरी हुईस्तवर तुमी हितं माज्याजवळ बसा." वहिनी भाकरी थापतायत, चूल धुमसतेय. दादा दोन भाकऱ्यांपर्यंत टिकले. तिसरीला डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "लिवा माजं नाव!"

हे मला कचेरीत डबा खाताना कळलं. डबा तसाच झाकून ठेवला.

*

सोनवणेचा पहिला प्लँट पेटला आणि त्या गावात शेणाला भलताच भाव आला. आमच्याकडं रीत अशी की रस्त्यावरच्या शेणात जिनं आधी काडी रोवली, ते शेण तिचं. मग ती पाटी घेऊन सावकाश आली तरी चालतं. दुसरी कोणी हात लावत नाही.

एकदा सोनवणेनं मला मुद्दाम तिथं नेलं. दुपारची वेळ, गुरं अजून रानात. आणि गावात शिरणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी काड्याच काड्या! शेणाचा पत्ता नाही, नुसत्या काड्या रोवलेल्या. एक बाई राखणीला उभी.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"आमची म्हैस रोज हितंच टाकती, भाऊसायेब. जागा धरून ठिवलीया."

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसलं हे ॲडव्हान्स बुकिंग! सोनवणे पोट धरून हसत होता. मला हसू आलं नाही. माझ्या हद्दीत सगळं शेण बिनकाडीचं पडलेलं होतं.

*

त्याच गावातला दुसरा किस्सा. गॅस आला तसा प्लँटवाल्या घराच्या कौलांतून धूर निघायचा बंद झाला. संध्याकाळी कौलांतून धूर दिसला नाही म्हणजे घरात चूल पेटली नाही, असा खेड्यातला हिशोब. चूल पेटली नाही म्हणजे एक तर भांडण नाहीतर मयत. दुसऱ्या दिवशी शेजारणी पिठलं-भाकरी झाकून घेऊन दारात हजर! चेहरे सुतकी. "काय झालं गं बाई?"

त्या घरातल्या सासूबाईंना हा अपमान सोसेना. त्यांनी परसात एक ओला ओंडका धुमसत ठेवायला सुरुवात केली. आत गॅसवर स्वयंपाक, बाहेर इज्जतीपुरता धूर!

ही बातमी माझ्या कानावर आली आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. मी साहेबांच्या कानात घातलं, "साहेब, सोनवणेच्या प्लँटच्या घरी अजून धूर निघतो. एकदा बघून घ्या."

साहेब दुसऱ्याच दिवशी जीपमधून गेले, मलाही बरोबर घेतलं. सासूबाईंनी ओंडक्याचं कारण सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गॅसवरचा चहा झाला. परत येताना साहेब म्हणाले, "चांगलं केलंत सांगितलंत ते. नाहीतर सोनवणेचं एवढं काम मला कळलंच नसतं!"

भोर येईपर्यंत मी जीपच्या बाहेर बघत होतो.

*

घरीही सुटका नव्हती. आमच्या एका खोलीत घासलेटचा स्टोव्ह. तो फुरफुरायचा, काजळी धरायचा, बायको डोळे चोळत बसायची. एकदा सोनवणे घरी आला, गप्पा मारता मारता त्यानं स्टोव्ह उलटा केला, पिन मारली, वायसर बदलला. ज्योत कशी निळीशार लागली!

तो गेल्यावर ही म्हणाली, "सोनवणे भाऊजी किती समजूतदार आहेत, नाही?"

"स्टोव्हला पिन मारायला समजूत कशाला लागते?" मी म्हणालो.

"मग तुम्ही सहा महिन्यांत का नाही मारलीत?"

त्या रात्रीची आमटी खारट होती, असं मी उगाचच म्हणालो.

*

माझी सगळी भिस्त एका बाईवर होती, कोंडाबाई. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या गावातली विधवा, चार म्हशी, जीभ अशी की तलाठीसुद्धा वळसा घालून जायचा. तिची अडचण एकच, भाताचा राब. आमच्याकडं भाताची रोपं टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजतात. "शेन समदं तुमच्या गॅसला घातलं, तर राब कशानं भाजू?" ती विचारायची.

मी पुस्तिका उघडली. गॅस निघाल्यावर उरलेली मळी शेणापेक्षाही सरस, असं त्यात छापलेलं. मग काय! सोनवणेच्या प्लँटमधली वाळलेली मळी पोत्यात भरली, एसटीच्या टपावर टाकली आणि कोंडाबाईच्या वाफ्यावर स्वतः उभं राहून पसरायला लावली. पेटवली.

शेजाऱ्यांचे राब भडभडा पेटून तासाभरात विझले. कोंडाबाईचा तीन दिवस धुमसला! सगळं गाव खोकत होतं. लोक विचारायचे, "कुनाचा राब ह्यो?" तर उत्तर, "भाऊसायबांचा!"

सोनवणेला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे, ती मळी जाळायची नसते, खत म्हणून खाचरात पसरायची असते!"

"मग पोतं भरताना बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? मला वाटलं, परसात भाजी लावतोयस."

मी तोंड लपवत कोंडाबाईकडं गेलो. ती म्हणाली, "सरकारनं यवडा धूर काडून दावला. आता बिनधुराचं बी कायतरी करून दावा! लिवा माजं नाव."

*

गॅस धरणारा लोखंडी ड्रम पुण्याहून ट्रकनं कापूरहोळ फाट्यावर उतरला. पुढं न्यायला गाडी मिळेना. आठ दिवसांनी मी बैलगाडी घेऊन गेलो तर ड्रम उलटा पडलेला, त्याच्या आडोशाला बाकडं टाकलेलं, आणि वर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं, "चहा तयार आहे".

हॉटेलवाला म्हणाला, "भाऊसाहेब, अजून आठ दिवस राहू द्या की, धंदा चांगला होतोय!"

सोनवणेचे ड्रम थेट शेतकऱ्यांच्या दारात उतरले होते. ट्रकवाला त्याच्या मामाच्या गावचा निघाला!

*

आणि आता शेवटचा.

पाऊस सरता सरता कोंडाबाईचा प्लँट बांधून झाला. शेण आणि पाणी कालवून रोज आत सोडायचं, गॅस तयार झाला की ड्रम वर उचलला जातो. मी दर मंगळवारी जायचो. कोंडाबाई खुर्ची टाकायची, मी बसायचो आणि वहीत "शेण कालवले, पाहणी केली" असं लिहायचो. दसरा आला, ड्रम जागचा हलला नव्हता. मी बायकोला वेल्ह्याकडची हवा किती चांगली असते ते सांगायला सुरुवात केली.

आणि दसऱ्यानंतरच्या मंगळवारी बघतो तर ड्रम वीतभर वर! पुढच्या मंगळवारी हातभर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या हद्दीतला, माझ्या नावाचा गॅस! मी साहेबांना बोलावलं. सोनवणेलाही आग्रहानं बोलावलं. त्यानं बघायला नको?

सोनवणे आपले प्लँट संध्याकाळी, घराच्या आत, चुलीपाशी पेटवायचा. चार माणसांत. मी म्हटलं, छे! आपला सगळ्या गावासमोर पेटला पाहिजे. नळी ओढून शेगडी अंगणाच्या मधोमध ठेवली, हार घातला. बाराचं ऊन. साहेब, सरपंच, दीडशे-दोनशे माणसं. मी कॉक फिरवला, काडी ओढून शेगडीला लावली.

काहीच दिसेना.

दुसरी काडी लावली. तिसरी लावली. शेगडी आपली तशीच काळी. मागून कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सामान बांधायला लागा."

गोबरगॅसची ज्योत फिकी असते, भर उन्हात ती डोळ्यांना दिसतच नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सोनवणेला ठाऊक होतं. तो पुढं यायला निघालाच होता, पण त्याच्या आधी कोंडाबाई परातीत पीठ आणि तवा घेऊन गर्दीतून घुसली. "सरका!" म्हणाली. तवा शेगडीवर ठेवला, भाकरी थापून टाकली. भाकरी उलटली. मग तवा उतरवून तिनं भाकरी नुसत्या शेगडीवर धरली, जिथं आम्हाला काहीच दिसत नव्हतं तिथं, आणि ती भाकरी टम्म फुगली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी छाती पुढं केली, कारण कोंडाबाई ती पहिली भाकरी घेऊन आमच्याकडंच येत होती.

ती माझ्यासमोरून गेली. सोनवणेच्या हातावर भाकरी ठेवली.

"ह्ये घ्या भाऊसायेब. पयली तुमची."

"अहो कोंडाबाई," साहेब म्हणाले, "प्लँटवाले भाऊसाहेब हे आहेत."

"ह्ये व्हय? ह्ये खुर्चीवाले," कोंडाबाई म्हणाली. "ह्यांनी वयी लिवली. ह्ये दुसरे दर ऐतवारी किकवीवनं सायकल मारत यायचे. शेनातलं गवात काडायचे, कोपरापातुर हात घालून कालवायचे. गॅस धरंना, तर आपल्या गावच्या टाकीतली बादलीभर मळी आनून घातली. म्हनले, दुधाला विरजन लावत्यात तसं लावू. तवा कुटं ह्यो ड्रम उठला."

साहेब सोनवणेकडं बघायला लागले, मग माझ्याकडं.

"नाही साहेब," सोनवणे पटकन म्हणाला, "प्लँट ह्याचाच. मी आपला येता-जाता डोकावत होतो." किकवीचा माणूस वेल्ह्याच्या रस्त्यावर येता-जाता कसा डोकावेल, हे साहेबांना कळत होतंच. तरी त्यांनी हसून मान डोलावली. माझी बदली टळली.

मग सोनवणेनं भाकरी मोडली आणि एक तुकडा माझ्यापुढं धरला. गरम होती, वाफ निघत होती. मी घेतली. घेताना पाहिलं, तर मोठा तुकडा त्यानं मला दिला होता!