नानांच्या ट्रकचे फोकस

सोनगीरजवळच्या आमच्या गावात त्या वेळी एकच ट्रक होता आणि तो आमच्या घरचा होता. आमच्या म्हणजे नानांचा. नाना माझे चुलतसासरे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, म्हणून घरात शब्द चाले तो नानांचा. ट्रक माझा नवरा चालवायचा, पण तो कुठे जाणार, काय भरणार, कधी परतणार हे नाना ठरवायचे. मी कुठे जाणार हेही तेच ठरवायचे. मी बहुधा कुठेच जात नसे, त्यामुळे माझ्या बाबतीत त्यांना फार डोकं चालवावं लागत नव्हतं.

ट्रकच्या बंपरवर एक लोखंडी पट्टी होती आणि तिच्यावर दोन मोठे दिवे. त्यांना सगळे फोकस म्हणत. हायवेवर त्यांचा उपयोग नव्हता, ते शिवारासाठी होते. शेंगा, कांदा, कापूस शेतातच भरायचा आणि गाडवाटेने बाहेर काढायचा. मधे नाला. भरलेला ट्रक नाल्यात उतरला की हेडलाइटचा उजेड समोरच्या मातीत घुसतो, पुढचा चढ दिसतच नाही. म्हणून हे फोकस जरा वर तोंड करून बसवलेले. ते नानांनी धुळ्याहून आणून स्वतःच्या हातांनी जोडले होते आणि त्याचा त्यांना फार तोरा होता. दिवस मावळला की गरज नसताना ओट्यासमोर ते पेटवायचे. समोरच्या घरातली बाई चुलीपुढे बसल्या जागी डोळ्यांवर हात धरायची.

मी नशिराबादची. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग. आबा दुसरी शिकलेले. आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत कॉलेजात गेलेली पहिली मी. रोज एस.टी.ने जळगावला जाऊन बी.एस्सी. झाले, विषय फिजिक्स. मी हुशार होते. हे दुसरं कुणी म्हणेल म्हणून वाट बघत बसले असते तर अजून बसलेलीच असते. निकाल लागला तेव्हा आबांनी बागेत पाणी भरणाऱ्या गड्यालासुद्धा ‘बी.एस्सी. फिजिक्स’ म्हणायला शिकवलं होतं. त्याला ‘फिजिक’ एवढंच जमायचं. तरी आबा खूश.

तर हे आबा त्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्याकडे आले. धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या होत्या. हेडमास्तर आबांच्या ओळखीतले निघाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पोरीला रुजू होऊ द्या, असा निरोप घेऊन आबा आले होते. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. खाट चांगली मोठी, आणखी दोन माणसं बसतील एवढी. नानांनी आबांना बसा म्हटलं नाही. आबा उभे राहिले, मग ओट्याच्या पायरीवर टेकले. टोपी गुडघ्यावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. मी दाराआड उभी होते.

नानांनी ऐकून घेतलं आणि हसत विचारलं, “पाटील, तुम्ही आमले पोरगी दिनी का मास्तरीण दिनी?”

ओट्यावर गावातली चार माणसं होती. ती हसली. आबाही हसले, पाहुण्या माणसाला हसावं लागतं तसे. चहा न घेता उठले. धुळ्याची गाडी सापडली नाही तर पंचाईत होईल असं काहीतरी म्हणाले. गाडीला अजून खूप वेळ होता. मला माहीत होतं आणि नानांनाही. टोपी घालून ते रस्त्याने गेले, तेव्हा मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि मनात ठरवलं की ह्याचं उट्टं मी काढणार. कसं काढणार ते ठाऊक नव्हतं, पण काढणार होते.

दसऱ्याला ट्रक रंगवायची पद्धत आमच्याकडे अशी की कोरा भाग एक ठेवायचा नाही. घासून, धुऊन, ऑइलपेंटचे दोन-दोन हात. दरवाजे, फाळका, बंपर, चाकांचे नटसुद्धा. त्या वर्षी नानांनी फोकसची पट्टी सोडवून तीही दोन्ही अंगांनी लालभडक रंगवून घेतली, बंपर रंगवला, बोल्ट-वायसर रंगात बुडवले आणि सगळं सुकल्यावर पुन्हा आवळलं. दसऱ्याला संध्याकाळी ट्रकची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. सोनं द्यायला आलेली माणसं ओट्यासमोर जमलेली. नाना केबिनमध्ये चढले आणि त्यांनी फोकसचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, खालीवर केलं, बंपरला लाथ घातली. एकजण म्हणाला, नाना, रंगानं डोळे झाकले वाटतं. माणसं हसली. ज्या ओट्यावर आबांना हसले त्याच ओट्यावर.

आता इथे आमची एक रीत सांगायला हवी. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि बोलायचं ते सासूकडे तोंड करून. नानासुद्धा मी दोन हातांवर उभी असले तरी माझ्याशी बोलत नसत. सासूबाईंना, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, त्यांना म्हणत, “वहिनी, तिले सांग, पाणी आण.” लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्या माणसाने एक शब्द थेट मला उद्देशून काढला नव्हता. मी घरात होते ती दुसऱ्याच्या कानातून.

त्या संध्याकाळी लोकांचं हसू आपल्यावरून दुसऱ्यावर ढकलायला नानांना कुणीतरी हवं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “वहिनी, तुमनी बी.एस्सी.ले सांगा. कॉलेजनी इद्यावर ह्या फोकस लावी दखाड म्हना. लागनात तर खुशाल जाय धुळाले मास्तरकी कराले.”

सगळ्यांनी ऐकलं. मला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रकपाशी गेले. फोकसमध्ये एकच वायर गेलेली दिसत होती. वीज एका वाटेने आली तर तिला परत जायला दुसरी वाट लागते, आणि वायर एकच असेल तर दुसरी वाट म्हणजे ट्रकचं लोखंड. फोकसमधून पट्टीत, पट्टीतून बंपरमध्ये, तिथून चॅसिसमधून बॅटरीत. आणि ह्या वाटेत, पट्टी आणि बंपरच्या मधे, नानांनी हौसेने ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. मी नवऱ्याला बटण दाबून ठेवायला सांगितलं, एका वायरचं टोक बॅटरीच्या उण्या बाजूला धरलं आणि दुसरं फोकसच्या पत्र्याला टेकवलं. भर दुपारी फोकस पेटला. मग पाना घेऊन बोल्ट ढिले केले, पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळलं. नवरा केबिनमध्येच होता, मी खाली काय केलं ते त्याला दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो मनाने चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी कालचीच माणसं ओट्यावर होती. नवऱ्याने बटण दाबलं आणि समोरच्या घराच्या भिंतीवर दिवस उगवला. मी दारात, पदर घेऊन उभी. नानांनी फोकसकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग अक्कांना म्हणाले की एखादी वायर ढिली असेल, हात लागला आणि बसली. आणि धुळ्याचं काय, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले की ती तर गंमत होती, सणासुदीला माणूस बोलतो. घरच्या बाया एस.टी.त धक्के खायला आपण काय उपाशी मरतो का. माणसं पुन्हा हसली, ह्या वेळी जरा कमी.

लाल रंगाचा अर्धा डबा ट्रकच्या हत्यारपेटीत उरला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, पुरुष आडवे झाले. ट्रक लिंबाखाली उभा. मी बोल्ट काढले आणि पट्टीच्या खालून, बंपरच्या वरून, बोल्टाच्या डोक्याखाली, नटाखाली, वायसरला, जिथे जिथे लोखंड लोखंडाला भेटत होतं तिथे तिथे नानांचाच रंग लावला. एक हात. तो वाळू दिला आणि ट्रक जाग्यावरच होता म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग हलक्या हाताने आवळून टाकलं. वरून पाहणाऱ्याला काय दिसणार? लालावर लाल. घाई नव्हती, भीतीही नव्हती. इतकं नीट काम मी जळगावच्या लॅबमध्येसुद्धा केलं नव्हतं.

घरात आले तर अक्का चुलीपाशी शेंगा फोडत होत्या. माझ्या बोटांवर, नखांत लाल रंग. त्यांनी तो पाहिला, बाहेर ट्रककडे पाहिलं, पुन्हा शेंगांकडे पाहिलं.

“रॉकेलवरी हात धोई ले,” त्या म्हणाल्या. “नाना उठाना टाइम व्हयना.”

जन्मभर ज्या दिराचे निरोप त्यांनी इकडून तिकडे पोचवले, त्याच्याविषयी अक्कांच्या मनात काय होतं ते मला त्या एका वाक्यात कळलं. पुढे आम्ही दोघी ह्या विषयावर कधी बोललो नाही.

शेंगांचा हंगाम ऐन भरात होता. दिवसभर शेंगा पोत्यांत भरायच्या आणि दिवस मावळता ट्रक शिवारातून निघायचा. पहिल्याच संध्याकाळी नाल्याच्या तोंडाशी फोकस लागले नाहीत. नवऱ्याने कंदील घेऊन माणूस पुढे चालवला तरी मागचं चाक वाटेबाहेर गेलं आणि अर्धी पोती उतरवावी लागली. नानांनी बल्ब बदलले. बटण बदललं. हायवेवरच्या मिस्तरीला आणलं. त्याने फोकस सोडवून हातात धरला, बॅटरीला लावला, लख्ख पेटला. परत बसवला, बंद. पुन्हा सोडवला, पुन्हा पेटला. मिस्तरीने वायर नवी टाकली, तरी फोकस बसवताच बंद, तेव्हा तोंड वाकडं करून निघून गेला. जो तो वायर बघत होता. रंगाकडे कोण बघणार? रंग तर शोभेचा.

मग बंपरला लिंबू-मिरची आली. मग बिब्बा आला. कुणीतरी सांगितलं म्हणून नानांनी शनिवारी ट्रकवरून नारळ उतरवला. नारळ फोडताना मी तांब्यात पाणी घेऊन उभी होते. मला हसू आलं नाही. मी फक्त बघत होते, पोटभर.

इकडे शेजारच्या गावच्या ट्रकवाल्याने आमच्या शिवारातला माल उचलायला सुरुवात केली. नाना ओट्यावर बसून त्याचा उजेड नाल्याच्या चढावर बघायचे. दिवाळी झाली, पाडवा झाला. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले. मी मनातून कासावीस होते हे खरं. रंगाचं काम पक्कं होतं, पण नानांचा ताठाही पक्का होता, आणि तो मोडायच्या आधी शाळा उघडली तर माझी जागा दुसरीला जाणार होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाना अक्कांना म्हणाले, “वहिनी, तिले सांग, फोकस दखी ले जरा.”

मी अक्कांकडे तोंड करून, पण नानांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं. अक्का, नानांना सांगा, मी बघते. पण माझे वडील आधी ह्या ओट्यावर येऊ देत. पायरीवर नाही, खाटेवर बसू देत. आणि मला काय सांगायचं ते नानांनी त्यांच्यासमोर माझ्या तोंडावर सांगावं. मधे कुणी नको.

नाना उठून आत गेले. त्या दिवशी कुणी जेवलं नाही धड. पण दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा नशिराबादला गेला आणि दुपारी आबांना घेऊन आला. आबा बिचारे घाबरलेले. पोरीने काय केलं, पोरीला काय झालं, हेच रस्ताभर विचारत होते. मी त्यांना हाताला धरून ओट्यावर नेलं. नाना खाटेवरून सरकले. आबा बसले, अगदी काठावर. गावातली तीच माणसं समोर. मी डोक्यावरचा पदर काढला नाही, पण मान वर केली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

“तू...” म्हणाले आणि थांबले. “तू धुळाले जाय. शाळामा. माले ते फोकस चालू करी दे.”

“शाळेत रुजू होऊन येते,” मी म्हणाले. “मग लावते.”

शाळा उघडली त्या सकाळी मी सोनगीरच्या फाट्यावरून एस.टी. धरली, सही करून हजर झाले, आठवीच्या वर्गावर एक तास घेतला आणि संध्याकाळी परत येऊन नानांना लांब बसायला सांगून पट्टीखालचा रंग खरवडला. फोकस लागले. गावाला वाटलं मी मंत्र घातला.

पुढे कितीतरी वर्षं दर दसऱ्याला नाना ट्रक रंगवून घ्यायचे, पट्टीसकट, कारण ती पद्धत. आणि दर दसऱ्याला फोकस बंद पडायचे, माझा हात न लागता. मग नाना ओट्यावर माणसं असताना मला हाक मारायचे, थेट. मी मुठीत पॉलिश पेपर घडी करून घेऊन जायचे, बंपरपाशी माणसांकडे पाठ करून बसायचे. शाळेत माझ्या प्रत्येक वर्गाला मी वीज लोखंडातून परत कशी जाते ते शिकवलं, अगदी मागच्या बाकावरच्या पोराला तोंडपाठ होईपर्यंत. घरात एका माणसाला शिकवलं नाही.

ट्रक विकला गेला. नंतर नाना अंथरुणाला खिळले. त्यांचं खाणंपिणं, औषध मी बघायचे, शाळेतून येऊन. त्यात मी कसूर केली नाही. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरून विचारलं, “बेटा, आते तरी सांग. दर दसराले त्या फोकसले व्हये तरी काय?”

मला आबांची टोपी दिसली, गुडघ्यावर ठेवलेली.

“ती मास्तरणीची विद्या आहे, नाना,” मी म्हणाले. त्यांची उशी नीट केली, पाणी पाजलं आणि पोरांचे पेपर तपासायला आत गेले.