बाबांचा घास

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. मी त्याच्याशी अबोला धरला होता. २०२१च्या एप्रिलमध्ये नाशकात बाबा कोरोनानं गेले, तेव्हा मी आयर्लंडमध्ये, कॉर्कमधल्या भाड्याच्या खोलीत मास्टर्सचा प्रबंध उघडून बसले होते. इकडे येताना बाबांनी दत्तगुरूंची छोटी तसबीर माझ्या बॅगेत घातली होती. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, माझ्या वाट्याच्या फळीवर डाळ-तांदळाशेजारी मी ती ठेवली होती. दादाचा फोन आला त्या दिवशी मी ती उचलून तोंड भिंतीकडे करून ठेवली. म्हटलं, बसा आता तसेच. ज्यानं जन्मात तुमचा एक गुरुवार चुकवला नाही, त्याच्या उशाशी शेवटी घरचं एक माणूस तुम्ही बसू दिलं नाहीत!

मला जाता आलं नाही. विमानं धड मिळत नव्हती आणि गेले असते तर परतीचा भरवसा नव्हता. दादा स्वतः पॉझिटिव्ह, एका खोलीत कोंडलेला. आई नुकती आजारातून उठलेली. बाबांना अग्नी कुणी दिला, तेही आम्हाला नीट ठाऊक नाही. या गोष्टीचं दुःख कमी होईल असं लोक म्हणतात. अजून तरी झालेलं नाही.

आमच्या बाबांची एक खोड होती. नाशकात रात्री ते पानावर बसले की मला फोन लावायचे. माझी तेव्हा दुपार असायची. "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. मी हो म्हणेपर्यंत घास उचलायचे नाहीत. मी वैतागायचे, "अहो बाबा, लेक्चर चालू आहे, तुम्ही जेवा ना!" तर म्हणायचे, "थांबतो की. मला कुठं गाडी पकडायचीय?" मागून आईचा आवाज यायचा, "आमटीचं पाणी झालं, घ्या आता!" माझ्या हॉस्टेलच्या दिवसांपासून हे असंच चाललेलं. ते दवाखान्यात गेल्यापासून दुपारी फोन वाजेना, आणि माझं जेवणच सुटलं. कधी बिस्किटं, कधी नुसता चहा.

दहाव्याचा प्रश्न आला. दादाला उंबरा ओलांडायची सोय नव्हती. ओळखीच्या गुरुजींनी मलाच फोन केला. "मुलगी असलीस म्हणून काय झालं? भात शिजव, पिंड कर, नदीकाठी ठेव. मंत्र मी इकडून म्हणतो. फक्त कावळा शिवेपर्यंत तू अन्न घ्यायचं नाहीस." आई म्हणाली, "मग आम्हीही नाही घेणार." तिला शुगर आहे. पण ऐकेल तर ती आमची आई कसली!

सकाळी ली नदीच्या काठानं जाणाऱ्या पायवाटेवर गेले. दगडी कठड्यावर पिंड ठेवला, फोन टेकवून गुरुजींना आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आधी समुद्रपक्षी आले. मेले धटिंगण! ओढणी फिरवून त्यांना हाकलता हाकलता माझ्या नाकी नऊ आले. मग समोरच्या घराच्या धुराड्यावर एक कावळा येऊन बसला. राखाडी मानेचा, अगदी आपल्याकडच्यासारखा. बसला तो बसलाच. पिंडाकडे बघे, माझ्याकडे बघे, पण खाली येईना. मी हात जोडून कबूल करत गेले. आईला सांभाळीन. डिग्री पूर्ण करीन. दादाला एकटं पाडणार नाही. कावळा ढिम्म. नाशकात दुपार टळायला आली. गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववतो मी इथे, शास्त्रात सोय आहे." पण आई हट्टाला पेटली. "नाही. जीव कशात अडकलाय त्यांचा, ते कळू दे." आणि रडायला लागली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मनात दत्तगुरूंना म्हटलं, भांडायचंय ना, माझ्याशी भांडा, त्या बाईला कशाला उपाशी ठेवता? आणि मग माझं बळच संपलं. मागणंही संपलं. कठड्याला टेकून मी खाली बसले.

"ठीक आहेस ना गं?" रेनकोट घातलेली एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. समोरच्याच घरात राहणारी. मी सांगितलं, वडील गेले, हा त्यांचा घास आहे, तो कावळा खाईल म्हणून थांबलेय. तिनं ना भुवई उंचावली, ना हसली. "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणाली. इथे मयताच्या घरी प्रत्येक जण हे म्हणतो आणि हात हातात घेतो. तिचाही हात पुढे आला, पण कोरोना आठवून मागे गेला. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला होता, तिनंच सांगितलं. अंत्ययात्रेला शेजारी नुसते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पण तिचा हात कुणालाच धरता आला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळा, तू काही खाल्लंस का?"

ते ऐकलं आणि मला हुंदका आवरेना. इतक्या दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.

ती घरात गेली. लोणी लावलेला सोडा ब्रेड आणि चहाचा मग कठड्यावर ठेवून, अंतर राखून उभी राहिली. नियम मला माहीत होता. गुरुजी बघत होते, आई बघत होती. पण नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी एक तुकडा मोडून तोंडात घातला. आई ओरडली, "अगं, काय करतेस!" माझा घास अजून गिळूनही झाला नव्हता, तोच तो कावळा धुराड्यावरून सरळ खाली उतरला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

फोनवर आई रडता रडता हसली. "बघ! गेल्यावरही आधी तुला जेवू घातलं त्यांनी."

कावळा भुकेला होता, किंवा मी खाली बसले म्हणून धीटावला, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. दत्तगुरू कुठल्या वेशात येतील सांगता येत नाही, असं बाबा म्हणायचे. माझ्याकडे आले ते रेनकोट घालून आले. कुत्रा मात्र बरोबर होता. मी सगळं कबूल करून पाहिलं, सगळे नियम पाळून पाहिले, आणि मिळालं ते हात टेकल्यावर. त्या माउलीचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही.

घरी येऊन तसबीर सरळ केली आणि पोटभर वरण-भात खाल्ला. दुःख आहे तिथेच आहे. दुपारी फोन वाजत नाही. पण ताट वाढून घेतलं की आजही आधी मोठ्यानं सांगते, "जेवतेय, बाबा. आता तुम्ही बसा."