उजनीच्या गाळात रुतलेला कॅम्पर

२०२४ साल. मला तेव्हा एकाहत्तर पूर्ण झाली होती आणि गाडी चालवायचं लायसन खिशात होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्याला त्याला माझ्या वयाचंच पडलं होतं. मी सोलापूरच्या भवानी पेठेतला, घरात तेलुगू बोलणारा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागाची दुरुस्ती करणारा) म्हणून हयात गेली. मालकाचा टेम्पोही मीच चालवायचो.

आमची मुलगी हिमाचलात, पार वरच्या अंगाला राहते. जावई तिथं रस्त्याच्या कामावर आहे. तिला बाळ झालं, ते चालायला लागलं, तरी त्याच्या आजीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, नरसम्मानं, त्याला पाहिलेलं नव्हतं. तिला साखर आहे. घडीघडीला लघवीला जावं लागतं. रेल्वेचं जमलं असतं, पण पुढं डोंगराचा लांबचा रस्ता, वाटेत आडोसा नाही. "लोकांच्या गाडीत मी थांबवा थांबवा करणार नाही," म्हणून ती हटून बसलेली. मग मी ठरवलं, जिच्यात झोपायची फळी आहे, संडास आहे आणि जी दगडधोंड्यातून चढते, अशी जुनी गाडी घ्यायची. तिला कॅम्पर म्हणतात. माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक शोधली. गाडी उजनी धरणाच्या काठाला होती, जेऊरच्या पुढं.

मे महिना होता. आम्ही पहिली एसटी धरली. नरसम्मा आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायली नव्हती, एसटीत बसायचं म्हणून. मोहोळला मी बाटली पुढं केली, तर तिनं मान फिरवली. टेंभुर्णीला गाडी बदलली तिथं उसाचा रस घेतला नाही, आणि साखर असल्यामुळं मी आग्रहही करू शकलो नाही. तिचे ओठ वाळले होते. मला गाडीपेक्षा त्या ओठांचीच काळजी लागून राहिली.

जेऊरला गाडीचा मालक न्यायला आला होता. बापू त्याचं नाव, केळीचा बागायतदार. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, आणि पुढं एकदम रान उघडं पडलं. उजनीचं पाणी लांब मागं हटलं होतं. जिथवर पाणी होतं तिथवर काळा गाळ वाळून तडकला होता आणि त्याच्यावरून मोटारींचे पाईप सापासारखे खाली पाण्याकडं गेले होते.

बापूच्या घरी चिलापी (उजनीत भरपूर मिळणारा मासा) तळलेली होती आणि ज्वारीची भाकरी. जेवण झकास. नरसम्मा अर्धी भाकरी खाऊन थांबली. बापूच्या आईनं तांब्या पुढं केला.

"घे की गं बाई. एवढं ऊन हाय."

"आधी गाडीतला संडास बघते," नरसम्मा म्हणाली. "मग पिईन."

म्हातारी हसली. "व्हय, ते बी खरंच."

कॅम्पर केळीच्या बागेच्या कडेला उभा होता. पुढं चालवायची केबिन, मागं फळी, गॅसची चूल आणि संडास असलेली पत्र्याची खोली, दोहोंच्या मध्ये एक काच. ती काच उघडत नव्हती, नुसती बघायची. चारी चाकं ओढणारी गाडी, त्यासाठी गियरशेजारी दुसरा दांडा.

भाच्यानं फोनवर बजावलं होतं. मामा, खाली झोपून चासी बघा, गंज बघा. फळ्या उचलून खाली काय आहे ते बघा. छताचे सांधे बघा, पाणी गळतं. गॅसची नळी वाकवून बघा, चिरली असली तर सोडून द्या. मी त्याला म्हटलं, बघतो.

आता आमच्या धंद्याची रीत सांगतो. जॉबर बंद माग तपासत नाही. बंद माग सगळे सारखेच दिसतात. चालू करायचा आणि अंगावर तळहात ठेवायचा. कारखान्यात आवाज एवढा की कान कामाचे नसतात, सगळं तळहाताला कळतं. तर मी बापूला म्हटलं, "चालू कर."

एका चावीत इंजिन लागलं. मी बॉनेटवर हात ठेवला. एकसारखं, गोड चालत होतं. कुठं ठेच नाही.

"काय म्हनता मामा?" बापूनं विचारलं.

"इंजिन चांगलं आहे."

"म्या सांगितलंच हुतं की."

नरसम्मा मागं चढली. फळीवर आडवी झाली, संडासाचं दार उघडून बसून बघितलं, नळ सोडला. मग काचेतून मला हात केला. म्हणजे चालेल. बापूच्या आईनं मागोमाग आणून दिलेला तांब्या तिनं तिथंच फळीवर बसून तोंडाला लावला आणि सगळा संपवला. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. गाडी माझी झाल्यातच जमा होती.

"चालवून बघतो," मी म्हणालो. "खाली गाळात घेतो. डोंगर चढणारी गाडी सडकेवर काय बघायची."

बापू गडबडला. "मामा, तितं नगा. वरनं वाळल्यावानी दिसतंय, खाली वलं हाय. आमी बी नेत न्हाय."

"तू नेत नाहीस म्हणून मी नेऊ नको?" मी केबिनचं दार लावलं. नरसम्मा मागंच राहिली, चालत्या गाडीत पडून बघायचं म्हणत होती.

उतार बरा गेला. गाळावर पहिले काही हात गाडी अशी चालली की मी बापूकडं वळून बघितलं. आणि पुढची चाकं बसली. नाक खाली गेलं आणि गाडी डाव्या अंगाला कलली. मी दुसरा दांडा ओढला. तो येईना. ॲक्सिलेटर दाबला तर चाकं अजून आत गेली. इंजिन अजूनही गोडच चालत होतं, तेवढंच.

मी मागं बघितलं. काचेत नरसम्मा उभी, एका हातानं फळी धरलेली. तिनं ओठ हलवले. आम्हा कारखान्यातल्या माणसांना ओठ वाचता येतात, मागांच्या आवाजात दुसरं बोलणंच नाही. नरसम्माही लग्नानंतर वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरायला त्याच कारखान्यात होती.

"तलुपु (दार)," ती म्हणत होती. "तलुपु उघडत नाही."

गाडी वाकडी झाल्यामुळं दाराची चौकट आवळली होती. मी खाली उतरायला गेलो, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, परत वर चढलो. मागं बघितलं तर तिनं नाकाला बोट लावलं होतं. मग ओठ. "वासना (वास)."

गॅस. चुलीखालची टाकी कललेली. पहिल्यांदा चावी फिरवून इंजिन बंद केलं. आता आवाज नव्हता, पण काच जाड, मी ओरडून उपयोग नव्हता, आणि बापू काठावरून काहीबाही ओरडत होता त्यानं ती अजून घाबरली असती. मी तिच्याकडं तोंड केलं आणि कारखान्यात बोलायचो तसं सावकाश बोललो, ओठ मोठे करून. टाकीचा कॉक. उजवीकडं आवळ. दिव्याचं बटण दाबू नको. खिडकी उघड.

ती खाली वाकली, काचेतून दिसेनाशी झाली. मी काचेला तळहात लावून बसलो. काही कळत नव्हतं. इंजिन बंद, गाडी बंद, तळहाताला काय कळणार.

मग ती वर आली. खिडकीची दांडी धरून तोंड बाहेर काढलं. श्वास घेतला. माझ्याकडं वळून म्हणाली, "बंद केलं." आणि पुढं, "एमंडी (अहो), तुम्ही घाबरू नका."

मी काही घाबरलो नव्हतो. पण तिला तसं दिसलं असेल.

बापू ट्रॅक्टर घेऊन आला, तोही गाळाच्या कडेलाच थांबला. साखळी लांबवून मागच्या हुकात अडकवली. मी तिला ओठांनी सांगितलं, खाली बस, फळीचा पाईप धर. ट्रॅक्टरनं ओढ घेतली. पत्रा असा कुरकुरला की खोली चासीपासून सुटून येते की काय असं वाटलं. गाडी हलली, थांबली, परत हलली, आणि एकदम गाळातून सुटून कठीण जमिनीला लागली.

दार तरीही उघडेना. बापूनं पहार आणली. चौकटीत घालून जोर दिला तर दार उघडलंच, पण चौकटीखालचा पत्राही कागदासारखा सोलून आला. आतून वाळलेला काळा गाळ पडला. त्यात शंख होते, उजनीच्या पाण्यातले, बोटाच्या पेराएवढे.

नरसम्मा खाली उतरून बांधावर बसली.

"गाडी पाण्यात होती," मी म्हणालो.

बापूनं पहार जमिनीत रोवली. "दोन पावसाळ्यामागं पानी बागंपर्यंत आलं हुतं. रात्रीत आलं. इंजिन नवं करून घेतलं मामा, ते खोटं न्हाय."

"इंजिन मी बघितलं. चौकट तू सांगायची होतीस."

"तुमी इचारलं न्हाय," तो म्हणाला. मग खाली बघून, "आन् म्या गाळात नगा म्हनलं हुतं."

दोन्ही खरं होतं.

म्हातारीनं नरसम्माच्या पाठीवरून हात फिरवला. "भ्याली अशील गं."

"टाकीचा कॉक लई घट्ट आहे," नरसम्मा म्हणाली. "संडास मात्र चांगला आहे. उंची बरोबर आहे."

बापूनं आम्हाला परत जेऊरला सोडलं. उतरताना त्यानं केळीचा घड दिला, मी घेतला नाही, नरसम्मानं घेतला.

टेंभुर्णीपासून गर्दी होती. तिला पुढं बायकांत जागा मिळाली, मी मागं दांड्याला धरून उभा. मी विचार करत होतो. माग बिघडला तर फार तर टॉवेल फाटतो. मागाच्या आत कुणी माणूस बसलेलं नसतं, म्हणून नुसता तळहात पुरतो. हिमाचलच्या घाटात मागच्या खोलीत नरसम्मा असणार आहे. इंजिन कसं चालतं हे पुढं बसणाऱ्याचं झालं. मागं बसणारा बाहेर कसा येणार, हे कुणी बघायचं? मोहोळच्या अलीकडं तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. एसटीचा खडखडाट होता. तिनं ओठ हलवले, "थांबवा." मी माणसांतून वाट काढत ड्रायव्हरपाशी गेलो आणि गाडी थांबवून घेतली. दोघं-तिघं कुरकुरले. मी त्यांच्याकडं बघत दारात उभा राहिलो, ती परत येईपर्यंत.

चढताना ती हळूच म्हणाली, "दुसरी आहे का कुठं? बाळ पळायला लागेल आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट रोडला एका गॅरेजात दुसरा कॅम्पर बघायला गेलो. मालकानं चावी पुढं केली. मी म्हटलं, राहू दे. नरसम्माला बाहेर खुर्चीवर बसवलं, मी मागच्या खोलीत चढलो, गॅरेजवाल्याला एका चाकाखाली जॅक लावून गाडी कलती करायला सांगितली आणि म्हटलं, "आता दार बाहेरून लाव." मग आतून कडीला हात घातला.