अक्काने ओढलेलं पाणी

अक्का गेल्याचा निरोप मला पालघरला, शाळेत मिळाला. चौथीचा वर्ग चालू होता. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, बोईसरवरून फोन हाय, मोठ्या बाईंनी बोलावलंय." फोनवर अक्काचे यजमान, आमचे शमुवेल भावजी होते. कुठल्या तरी दुकानातून बोलत असावेत, मागे टेम्पोचे हॉर्न वाजत होते. "चहा ठेवला होता तिनं... उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो," एवढं बोलले आणि फोन ठेवला. संध्याकाळी दफन झालं. माती टाकून होते न होते तोच आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी थोरात साहेब पुढे आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "एस्तेरबाई म्हणजे देवाचं चालतंबोलतं अनुकरण होत्या. त्यांचा कित्ता आपण सर्वांनी गिरवावा." लोक माना डोलावत होते. मला मात्र शेजारचा हारांचा ढीग उचलून त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. त्याला आता काही आठवडे झाले, राग उतरलेला नाही. या पुरवणीसाठी बहिणीच्या आठवणी लिहाल का, असं मला विचारलं गेलं. लिहिते. पण हळवं काही हवं असेल तर ते माझ्याकडून होणार नाही.

हे 'देवाचं अनुकरण' आमच्या घरात कुठून आलं ते आधी सांगते. आमचे बाबा डहाणूच्या आतल्या एका गावात मिशनच्या शाळेवर शिक्षक होते. रात्रीच्या जेवणाला बसलो की विचारायचे, "आज देवाची नक्कल कुणी केली?" अनुकरण हा शब्द मोठ्या माणसांसाठी आहे म्हणायचे, पोरं नक्कल करतात, बापाची चप्पल घालून अंगणात फिरतात, तसं. मी धाकटी आणि आगाऊ. "मी मांजरीला क्षमा केली, तिनं माझं दूध सांडलं तरी," असं काहीतरी ठोकून द्यायचे. अक्का मात्र त्या प्रश्नाची वाट बघत दिवस काढायची. एकदा शेजारच्या बाईनं आमची कोंबडी पळवली. पिसं तिच्याच परसात सापडली. आई कंबर कसून भांडायला निघाली, तर तिच्या मागून अक्का हातात वाटी घेऊन गेली आणि त्या बाईला म्हणाली, "मावशी, कोंबडी नेलीत, पण वाटण राहिलं. आईनं ताजंच केलंय." आईचं भांडण तिथेच बारगळलं. त्या रात्री बाबा हसून हसून ठसकले, आम्हीही हसलो. त्या वेळी कुणाला तरी कळायला हवं होतं की ही मुलगी गंमत करत नाहीये. बाबा रोज जो प्रश्न सहज विचारत होते, त्याचं उत्तर ती जन्मभर देत बसणार होती.

सांधेतापही तिला त्याच वर्षांत झाला. ताप गेला, पण हृदयाची झडप बिघडवून गेला. पुढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जड उचलायचं नाही, धाप लागेल असं काम करायचं नाही. भावजींनी ते ठाऊक असूनच तिच्याशी लग्न केलं. भावजी तारापूरच्या कारखान्यांपैकी एकात बॉयलरवर होते. कुंभवलीला घर घेतलं. सत्तर सालानंतरचे ते दिवस, धुराडी एकामागून एक उभी राहत होती आणि आम्हाला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं. अक्काच्या घराजवळच आमच्या मंडळीचं छोटं देऊळ होतं, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आवारात जांभळीखाली एक विहीर. जरा उंचावरची जागा. पलीकडे उतारावर आदिवासींचा पाडा, त्यांची विहीर खाली, नाल्याच्या अंगाला.

त्या खालच्या विहिरीचं पाणी हळूहळू गेलं. आधी वास यायला लागला, मग वर तेलासारखा तवंग, मग भात शिजवला तर पिवळट. पोरांच्या अंगावर खाज, बायकांच्या हातांची सालं निघालेली. कुणी साहेब येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेला, त्याचं पुढे काय झालं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. नाल्यात काय सोडलं जातंय ते मात्र नाकाला रोज कळत होतं. शेवटी पाड्यातल्या बायका देवळाच्या विहिरीवर यायला लागल्या. पहिली आली ती लाडकी, अक्काच्याच वयाची, अंगानं काटक, बोलायला फटकळ. अक्कानं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढ्या लांब चढून येतेस?" लाडकी म्हणाली, "मंग काय करू? तिकडचं पानी ढोरा पन नाय पित आता."

पावसाळा-हिवाळा कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. उन्हाळा लागला, विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि आमच्या मंडळीला एकदम आवाराची काळजी वाटू लागली. चिखल होतो, गर्दी होते, उपासनेच्या वेळी कळशांचा आवाज येतो, आपल्याच सभासदांना पाणी उरणार नाही... मी त्या सभेला नव्हते, पण भावजींनी सगळं सांगितलं. ठराव झाला. कुंपणाला तारा लावल्या, फाटकाला भलंमोठं कुलूप आलं, चावी थोरात साहेबांकडे, सभासदांच्या बायकांसाठी सकाळचा थोडा वेळ फाटक उघडं. अक्का सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "देव पाऊस पाडतो तेव्हा कुंपण बघून पाडत नाही. हे पाणी त्याचंच आहे ना?" थोरात साहेब म्हणाले, "एस्तेरबाई, भावना वेगळी आणि व्यवस्था वेगळी." तेव्हा तिनं फक्त एक विचारलं. "सभासदाला पाणी न्यायला मनाई आहे का?"

"तुम्हाला कशाला मनाई असेल?"

"मग झालं," म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काय केलं असेल? सकाळी फाटक उघडलं की ही आत जायची, कप्पीवरून दोर सोडायची, बादली ओढायची, कळशी भरायची, कमरेवर घेऊन फाटकाबाहेर यायची आणि लाडकीच्या हंड्यात ओतायची. मग पुन्हा आत. बाहेर पाड्यातल्या बायकांची रांग. फाटक बंद व्हायची वेळ होईपर्यंत हे चालायचं. डॉक्टरांनी जिला भरली बादली उचलू नको म्हणून सांगितलं होतं, ती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. ओठ निळसर पडलेले, मानेवरची शीर थडथडत होती, आणि आपल्याच मंडळीच्या बायका शेजारी उभ्या राहून आपापल्या कळशा भरत होत्या, तिच्याकडे न बघता. मी तिच्या हातातून दोर ओढून घेतला. "मरायचंय का तुला?" असं सगळ्यांदेखत ओरडले. ती धापा टाकत तिथल्या पायरीवर टेकली. "लाडकीच्या सुनेचं बाळंतपण झालंय," म्हणाली. "तिला ते खालचं पाणी पाजू? तू सांग. तू सांगशील तसं करते." मग मीच ओढलं त्या दिवशी, आणि सुट्टी संपेपर्यंत. माझे तळहात सोलून निघाले. फाटकाबाहेर लाडकी म्हणाली, "बाय, तुजी बहीन येडी हाय. आमी तिला बोललू, नको करू. आयकत नाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या मंडळीत एकाच्याही नव्हतं.

मग कमिटीनं शिस्तीचं हत्यार काढलं. ठरावाचा उद्देश मोडला, मंडळीत फूट पाडली, म्हणून तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भाकर आणि द्राक्षरस घेण्यासाठी सगळे एकेक करून पुढे जातात, आणि ज्याला मनाई आहे तो सगळ्यांच्या नजरेसमोर आपल्या जागी बसून राहतो. अक्का मागच्या बाकावर बसून राहायची, हात मांडीवर. तेव्हाच्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, ते पटलेलं नव्हतं म्हणे. नुसतं पटत नव्हतं... तोंड उघडलं नाही त्यांनी. आणि त्याच आठवड्यात थोरात साहेबांच्या पत्नीला टायफॉइड झाला, तर ही डबा घेऊन त्यांच्या दारात हजर! मुरबे गावची कोळीण दारावर यायची, तिच्याकडून बोंबील घेऊन त्याचं पातळ कालवण केलेलं, आजारी बाईंसाठी वेगळा मऊ भात. मी तिथेच होते. माझं डोकं फिरलं.

"तुला राग म्हणून येत नाही का गं? माणूस आहेस की कोण आहेस?"

"येतो ना," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "एवढा येतो की कालवणात तिखट जास्त पडलं. त्यांच्यासाठी वेगळं काढून पाणी घातलं."

"मग कशाला जातेस?"

"राग देवालाही येत असेल. पण तो म्हणून कुणाचं ऊन बंद करतो का?"

बोलण्यात मी तिला कधी जिंकले नाही. पण मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की देवाला हृदयाच्या झडपेचा त्रास नाही. त्याची नक्कल करायची तर त्याच्यासारखं न थकणारं शरीर तरी द्यायचं होतं तिला. हे मी पाळकांसमोर बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

पुढे भावजी पाळी संपवून यायचे ते थेट विहिरीवर. बाजूच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार फाटकाबाहेरून हंडे पोचवू लागले, "चाची, आप बैठिए, हम ले जाते हैं" म्हणत. ते आत येऊ शकत नव्हते, सभासद नव्हते ना! काही वर्षांनी पाड्यात नळ आला. प्रभुभोजनाची मनाईही गुपचूप उठली, माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण नळाला उन्हाळ्यात पाणी येत नाही, आणि तारा-कुलूप होते तिथेच राहिले. म्हणून दर उन्हाळ्यात अक्का पुन्हा दोराला लागायची. मुंबईच्या हॉस्पिटलात दोनदा नेलं. डॉक्टर म्हणाले, झडप मुळातच खराब होती, कधी ना कधी हे होणारच होतं. असेल. डॉक्टरांशी माझं भांडण नाही.

आठवणीच्या उपासनेला देऊळ भरलं होतं. थोरात साहेबांनी जाहीर केलं की मंडळीनं विहिरीला एस्तेरबाईंचं नाव द्यायचं ठरवलं आहे, संगमरवरी पाटी बसवणार. टाळ्या वाजल्या. मी उठले. मी म्हटलं, "जिला या विहिरीपायी तुम्ही भाकर नाकारलीत, तिचं नाव कुलपाच्या आत कोंडणार? ती तुमच्यासमोर निळी पडत होती तेव्हा तुमच्यापैकी एकानंही दोराला हात लावला नाही. आता पाटीला हात लावायला सगळे पुढे!" कुणीतरी "बाई, ही जागा कोणती" म्हणून मला गप्प करू लागलं. तेवढ्यात दाराशी बसलेली लाडकी उभी राहिली. ती देवळात पहिल्यांदाच आली होती.

"दगडावं नाव नको लिवू," ती म्हणाली. "आमाला वाचता नाय येत. नल सुकलाय. कुलूप काडा."

थोरात साहेब म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ. तेव्हा नवे पाळक, वयानं माझ्या मुलासारखे, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. "चावी, साहेब." मग थोरात साहेबांनी खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली. पाळक तसेच झग्यात बाहेर गेले आणि फाटक उघडलं. लाडकीनं स्वतः पोहरा सोडला, स्वतः ओढला. भावजी भिंतीला टेकून रडत होते. मला रडू आलं नाही. एवढंसं करायला ती मरायची वाट बघावी लागली, हेच डोक्यात घणघणत होतं. पाटीला आम्ही संमती दिली नाही.

सध्या दर शनिवारी मी भावजींकडे जाते, स्वयंपाक करून ठेवते. अक्काला एक सवय होती. भांडी घासताना ती माणसांची नावं घेऊन देवाशी बोलायची, ताट घासता घासता, मोठ्यानं, शेजारणीशी गप्पा माराव्या तशी. लाडकीच्या नातवाचा खोकला, माझी बदली, बॉयलरवरचा कुणी भाजलेला पोरगा. आणि रोज न चुकता थोरात साहेब, त्यांची साखर, त्यांच्या मुलीचं जमत नसलेलं लग्न. मी शेजारच्या खोलीतून ऐकून चिडायचे. परवा तिच्या मोरीत भांडी घासायला बसले आणि माझ्याही तोंडून नावं येऊ लागली, मला कळायच्या आत. भावजी आले, लाडकी आली, ते पाळक आले, माझ्या सोसायटीतली आजारी म्हातारी आली. मग पुढचं नाव आलं, ओठापर्यंत. मी कढईच घासत बसले... कढई केव्हाच लख्ख झाली होती. नाव घेतलं नाही. अजून घेतलेलं नाही.